हरणाऱ्या माणसाला मुदत



9 डिसेंबर 1989 ची, शनिवारची दुपार. इंग्लंडातील मँचेस्टर शहरी ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड हा विख्यात फुटबॉल क्लब क्रिस्टल पॅलेस या त्या मानाने लहान क्लबाकडून, दोन विरुद्ध एक अशा गोलांनी, आपल्या घरच्या मैदानावर हरला. त्या दिवशी प्रेक्षकांमधून एक फलक वर धरला गेला. त्याचा आशय असा होता की, तीन वर्षे नुसत्या सबबी ऐकून घेतल्या, खेळ मात्र अजूनही टाकाऊच आहे. तेव्हा आता रामराम!

हा रामराम ज्यांना ठोकण्यात आला होता ते 47 वर्षांचे स्कॉटिश गृहस्थ म्हणजे संघाचे व्यवस्थापक अलेक्स फर्ग्युसन. निरोपाचा अधिकार अर्थातच प्रेक्षकांना नव्हता. तो क्लबाच्या संचालक मंडळातील मोजक्या लोकांच्या हाती होता. त्या लोकांनी निरोप दिला नाही. पुढे हे गृहस्थ तेवीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागेवर राहिले आणि निवृत्त झाले तेव्हा क्लबाच्या कपाटात त्यांनी मिळविलेल्या 38 चषकांची भर पडलेली होती. ही फलश्रुती आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु 1989 च्या डिसेंबरात ती कोणालाच ठाऊक नव्हती. मग त्या मंडळाने कशाच्या आधारावर धीर धरला, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी फुटबॉलचा जाणकार नव्हे. मी शासकीय नोकरीतला माणूस. दुसऱ्याच्या कामावर शेरा लिहिणे आणि आपल्या कामावर दुसऱ्याने लिहिलेला शेरा निमूटपणे वाचणे, यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे ज्याचे काम उघड उघड बिघडलेले दिसते त्याला ठेवावे की काढावे, हा प्रश्न मला मैदानापेक्षा मेजावर अधिक वेळा भेटला आहे. या क्लबाची हकीकत मला मोलाची वाटते ती त्यासाठी.

इंग्लंडातील जुन्या रीतीप्रमाणे व्यवस्थापक म्हणजे केवळ शिक्षक नसे. संघ निवडणे, खेळाडूंची खरेदी-विक्री ठरविणे, सरावाची शिस्त लावणे, कुमार संघांवर देखरेख ठेवणे, ही सारी त्याचीच कामे. संचालक मंडळाने पैसा पुरवावा, हिशेब पाहावा आणि व्यवस्थापकाची नेमणूक करावी, एवढेच. म्हणजे मंडळाच्या हाती खरे महत्त्वाचे निर्णय दोनच: कोणाला आणायचे, आणि कोणाला कधी जाऊ द्यायचे. यांपैकी दुसरा निर्णय फार सोपा असतो. अकरा खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत, मंडळाने स्वतः राजीनामा देणे तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही. उरतो तो व्यवस्थापक. त्याला काढले की लोकांचा राग शांत होतो आणि मंडळाने काहीतरी केले असे दिसते. इंग्लंडात तर अशी थट्टाच आहे की, मंडळाने व्यवस्थापकावर जाहीर विश्वास व्यक्त केला की त्याने सामान बांधायला घ्यावे.

मँचेस्टर युनायटेडने हा सोपा मार्ग पुष्कळ चोखाळून पाहिला होता. 1945 साली मॅट बस्बी यांनी या क्लबाची सूत्रे हाती घेतली. लीगचे विजेतेपद त्यांना मिळाले ते 1952 साली. त्यांनी तरुण मुलांचा एक विलक्षण संघ घडविला. आणि 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्यूनिक येथे झालेल्या विमान अपघातात त्या संघातले आठ खेळाडू गेले. अपघातात एकंदर 23 जीव गेले. बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परतले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. दहा वर्षांनी, 1968 साली, त्यांच्या संघाने युरोपियन चषक जिंकला. 1969 साली ते पायउतार झाले आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांत क्लबाने पाच व्यवस्थापक नेमले व पाचही काढले. मॅगिनेस, ओफॅरल, डॉकर्टी, सेक्स्टन आणि ॲटकिन्सन ही ती नावे. प्रत्येकाच्या जाण्याची कारणे निराळी होती. परिणाम मात्र एकच. 1974 साली क्लब खालच्या श्रेणीत घसरला, वर्षभराने परत आला, अधूनमधून चषकही जिंकला. परंतु 1967 नंतर लीगचे विजेतेपद काही त्याच्याकडे फिरकले नाही.

अशा स्थितीत 6 नोव्हेंबर 1986 रोजी फर्ग्युसन आले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या क्लबाला त्यांनी तीन वेळा तेथील लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि 1983 साली रेआल माद्रिदसारख्या बलाढ्य संघाला हरवून युरोपातील चषकविजेत्यांचा चषकही आणला होता. म्हणजे माणूस पारखून घेतला होता. त्यांच्या हाती आलेला संघ त्या वेळी तक्त्यात तळाकडून दुसरा होता. पहिल्या हंगामाअखेर तो अकरावा आला, दुसऱ्या हंगामात एकदम दुसरा. लोकांनी पालवी फुटली म्हणून आनंद मानला, तोच तिसऱ्या हंगामात पुन्हा अकरावा. चौथ्या हंगामाच्या तोंडावर मंडळाने थैली सैल सोडली. पाच नामांकित खेळाडू घेतले गेले. त्यांतील गॅरी पॅलिस्टर या एकट्या बचावपटूसाठी तेवीस लाख पौंड मोजले. ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांना आता सबब नको होती. परंतु 23 सप्टेंबर 1989 रोजी त्याच शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीने युनायटेडला पाच विरुद्ध एक असे लोळविले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नववर्षदिनापर्यंत खेळलेल्या लीगच्या आठ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. फलक वर आला तो याच काळात.

तक्ता एवढेच सांगत होता. आता तक्ता जे सांगत नव्हता ते पाहू.

फर्ग्युसन आले तेव्हा त्यांना आढळले की, शहरातील गुणी मुले हेरण्यात शेजारचा सिटी क्लब पुढे आहे. त्यांनी मुले हेरणाऱ्या माणसांची संख्या वाढविली. कुमार संघाचे शिक्षक एरिक हॅरिसन यांना बळ दिले. रायन नावाचा एक मुलगा सिटीच्या मुलांत सराव करतो अशी माहिती त्यांना मिळाली. 29 नोव्हेंबर 1987 रोजी, त्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी, ते स्वतः त्याच्या घरी जाऊन उभे राहिले. हाच मुलगा पुढे रायन गिग्ज म्हणून जगाला माहीत झाला. एवढ्या मोठ्या क्लबाच्या व्यवस्थापकाने एका शाळकरी मुलाच्या दारी जावे, याचा त्या हंगामाच्या गुणांवर काय परिणाम होणार? काहीच नाही. तो मुलगा मोठ्यांच्या संघात खेळायला आणखी तीन-चार वर्षे होती.

दुसरे काम अधिक अप्रिय होते. संघातील काही मातब्बर खेळाडूंची मद्यपानाची सवय वाढली होती आणि शिस्त ढिली पडली होती. पॉल मॅग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे प्रेक्षकांचे अत्यंत लाडके खेळाडू. 1989 साली फर्ग्युसन यांनी दोघांनाही दुसऱ्या क्लबांकडे जाऊ दिले. अशा निर्णयाचा तोटा त्याच आठवड्यात दिसतो आणि लाभ दिसायला वर्षे लागतात. त्यात भर म्हणून दुखापती आल्या. नवा घेतलेला नील वेब हंगामाच्या आरंभीच इंग्लंडकडून खेळताना जायबंदी झाला आणि त्या हिवाळ्यात कर्णधार ब्रायन रॉबसनही मैदानाबाहेर राहिला.

हे सर्व पाहणारी माणसे मंडळात होती. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स होते. संचालकांमध्ये बॉबी चार्ल्टन होते. म्यूनिकच्या अपघातातून वाचलेले, क्लबाच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. आणि क्लबाचे सन्माननीय अध्यक्ष म्हणून स्वतः वृद्ध मॅट बस्बी होते. संघ घडवायला किती काळ लागतो हे या दोघांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. सकाळी सरावाच्या मैदानावर कोण प्रथम येतो, कुमार संघात कोणती मुले दिसू लागली आहेत, हे त्यांना समजत होते. आपण फर्ग्युसन यांना काढण्याच्या विचारात नव्हतो, असे एडवर्ड्स यांनी पुढे अनेकदा सांगितले आणि कारणेही हीच दिली: दुखापतींनी खिळखिळा झालेला संघ, आणि मुळाशी चाललेले काम.

त्या मंडळाला मी देवत्व देऊ इच्छीत नाही. त्याच वर्षी एडवर्ड्स आपले भागभांडवल विकून मोकळे होण्याच्या खटपटीत होते. ऑगस्टमध्ये होऊ घातलेला खरेदीदार क्लबाचा पोशाख घालून मैदानात उतरला आणि त्याने हजारो प्रेक्षकांसमोर चेंडू उडवून दाखविला. ऑक्टोबरात तो सारा व्यवहार मोडला. घरचे छप्परच डळमळीत असताना आणखी एक उलथापालथ मंडळाला नको वाटली असेल, असे कोणी म्हणाल्यास ते मला अगदीच अमान्य करता येणार नाही. मोठे निर्णय शुद्ध हेतूंनीच होतात असे नाही. तथापि नुसत्या अडचणीपोटी घेतलेला निर्णय पहिल्या वादळात कोसळतो. हा कोसळला नाही.

7 जानेवारी 1990 रोजी राष्ट्रीय चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी त्यांच्याच मैदानावर गाठ पडली. आज हरले की फर्ग्युसन गेले, असे वृत्तपत्रांनी ठरवूनच टाकले होते. मार्क रॉबिन्स या वीस वर्षांच्या खेळाडूने डोक्याने मारलेल्या एका गोलावर युनायटेड जिंकले. त्या एका गोलाने फर्ग्युसन वाचले, अशी आख्यायिका तेव्हापासून रूढ झाली. आख्यायिका ऐकायला गोड आहे, पण ती एक गोष्ट झाकते. त्या विजयानंतरही लीगमधील पराभव थांबले नाहीत. तेथील पुढचा विजय 10 फेब्रुवारीला मिळाला. हंगाम संपला तेव्हा युनायटेड तेराव्या स्थानी होते, म्हणजे आदल्या वर्षापेक्षाही खाली. मंडळ केवळ एका गोलावर विसंबून असते तर या पाच आठवड्यांत त्याला निरोप देण्याच्या संधी पुष्कळ आल्या होत्या.

योगायोग असा की, त्या दिवशी समोरच्या संघाचे व्यवस्थापक होते ब्रायन क्लफ. 1974 साली लीड्स या क्लबाने या क्लफ यांना नेमणुकीनंतर 44 दिवसांत काढून टाकले होते. पुढल्या वर्षाच्या आरंभी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना घेतले, अठरा वर्षे ठेवले, आणि त्या मध्यम शहराच्या क्लबाने 1979 व 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन चषक जिंकला. 44 दिवसांत लीड्सला जे दिसले नाही ते दिसायला लीड्सने वेळच दिला नव्हता.

युनायटेड त्या वर्षी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. समोर तेच क्रिस्टल पॅलेस, ज्यांच्यापुढे डिसेंबरात तो फलक उंचावला होता. पहिला सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यासाठी फर्ग्युसन यांनी गोलरक्षक जिम लेटन याला वगळले. लेटन हा ॲबर्डीनपासूनचा त्यांचा माणूस. ज्यांना स्वतःला एवढी मुदत मिळाली होती त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला पाच दिवसांचीही दिली नाही. हे निष्ठुर वाटते, आणि लेटनच्या बाजूने पाहता ते होतेही. पण त्यातून विश्वासाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. मंडळाने फर्ग्युसन यांच्यावर जो विश्वास टाकला होता तो जिव्हाळा नव्हता. कामाच्या दीर्घ मुदतीचा तो अंदाज होता. गोलरक्षकाचे काम एका सामन्यात मोजले जाते, संघ घडविणाऱ्याचे एका सामन्यात मोजता येत नाही. 17 मे 1990 रोजी ली मार्टिनच्या एकमेव गोलावर चषक मँचेस्टरला आला.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1991 साली युरोपातील चषकविजेत्यांचा चषक, 1993 साली सव्वीस वर्षांनी लीगचे विजेतेपद. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 1992 चे वर्ष. त्या वर्षी क्लबाच्या कुमार संघाने देशातील कुमारांचा चषक जिंकला. गिग्ज, डेव्हिड बेकम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल ही त्यांतील चार मुले. 26 मे 1999 रोजी बार्सिलोना येथे युनायटेडने युरोपचे विजेतेपद मिळविले तेव्हा हे चौघेही पहिल्या अकरांत होते. 1989 च्या तक्त्यात या मुलांसाठी रकानाच नव्हता. मंडळाने मुदत दिली होती ती खरे पाहता या रकान्याला.

आता कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की ही तर यशस्वी झालेल्या एकाची कथा. धीर धरून बुडालेल्यांचे काय? त्यांच्यावर कोणी भाषणे देत नाही. त्याच क्लबाचे ताजे उदाहरण आहे. 2024 च्या मे महिन्यात एरिक टेन हाग यांच्या संघाने राष्ट्रीय चषक जिंकला, पण लीगमध्ये तो आठवा आला होता. क्लबाने हंगामाचा आढावा घेतला, मध्यंतरी इतर उमेदवारांशी बोलणी केल्याची वार्ता बाहेर आली, आणि अखेर टेन हाग यांनाच ठेवून त्यांचा करार वाढविला. ऑक्टोबर संपण्यापूर्वी त्यांना काढण्यात आले. मधल्या काळात त्यांच्या पसंतीच्या खेळाडूंवर मोठा खर्च झाला तो झालाच, वर नुकसानभरपाईही द्यावी लागली. हा विश्वास नव्हता. ते निर्णय पुढे ढकलणे होते. ज्यांनी ठेवले त्यांना आपण कशासाठी ठेवीत आहोत हे स्वतःला सांगता आले नव्हते, म्हणून पहिल्या काही पराभवांबरोबर त्यांचा आधार सुटला.

याच्या उलट लंडनच्या आर्सेनल क्लबाकडे पाहावे. 2020 च्या नाताळात मिकेल आर्टेटा यांचा संघ पंधरावा होता आणि पुढील हंगामातील पहिले तिन्ही सामने हरून तो तक्त्याच्या तळाशी गेला. मंडळ ढळले नाही. वयस्क व महागडे खेळाडू कमी करून तरुणांचा संघ उभारायचा, हे ठरवून घेतलेले काम होते आणि ते पुढे सरकताना दिसत होते. 2023 पासून लागोपाठ तीन हंगाम हा संघ दुसरा आला.

अर्थशास्त्रज्ञांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. नेदरलँड्समधील प्रमुख लीगच्या 1986 ते 2004 या काळाचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. व्यवस्थापक बदलल्यावर संघाची कामगिरी सुधारते, हे खरेच आढळले. परंतु तितकीच घसरण होऊनही ज्यांनी व्यवस्थापक बदलला नाही, त्यांचीही कामगिरी जवळजवळ तशीच सुधारली. याचा अर्थ असा की, अतिशय वाईट काळ हा बहुधा थोडा दुर्दैवाचाही असतो आणि दुर्दैव आपोआप ओसरते. नवा मनुष्य येतो तो नेमका ओहोटी संपता संपता, आणि भरती त्याच्या नावावर जमा होते.

हे वाक्य मी वाचले तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली आणि या भाषणाचे खरे कारण तीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक अधिकारी काम करीत होता. जमिनीच्या वादांची प्रकरणे निकाली काढणे हे त्याच्या कार्यालयाचे मुख्य काम. त्याच्या पूर्वीचे अधिकारी दर महिन्याला सोपी आणि नवी प्रकरणे आधी उरकीत, त्यामुळे मासिक विवरणपत्रातील आकडा भरघोस दिसे. याने येताच बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षे पडलेली प्रकरणे प्रथम बाहेर काढली. एकेका प्रकरणाला नवीची दहा होतील एवढा वेळ जाई. आकडा घसरला. तीन आढावा बैठकींत मी त्याला सर्वांदेखत विचारले, आणि तिन्ही वेळा त्याने दिलेले उत्तर मला सबब वाटले. आपल्या राज्यात 2005 च्या कायद्याने अधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीपूर्वी हलवायचे तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. अकराव्या महिन्यात मी कारण नोंदविले: निपटारा असमाधानकारक. त्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचे आकडे दोन महिन्यांत उंचावले आणि मी स्वतःच्या निर्णयक्षमतेवर प्रसन्न झालो.

दीड वर्षाने वार्षिक तपासणीसाठी त्या कार्यालयात गेलो असता जुन्या नोंदवह्या चाळल्या. सर्वांत जुनी, सर्वांत गुंतागुंतीची प्रकरणे त्या अकरा महिन्यांत संपली होती. नव्या अधिकाऱ्याची वाट मोकळी झाली होती ती त्यामुळे. त्यांत काही प्रकरणे अशी होती की ज्यांत अर्ज करणारा वारला होता आणि निकाल मुलाच्या हाती पडला होता. मागील वर्षी एका विवाहसमारंभात तो अधिकारी मला भेटला. झाले ते मी त्याला सांगितले आणि माझी चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “साहेब, आपण एकदा येऊन कपाट उघडून पाहायला हवं होतं.”

ओल्ड ट्रॅफर्डच्या संचालकांनी निराळे काही केले नव्हते. त्यांनी कपाट उघडून पाहिले होते. मुदत देणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. उलट मुदत देणाऱ्याला काढून टाकणाऱ्यापेक्षा अधिक बारकाईने पाहावे लागते. हाती घेतलेले काम कोणते, ते पुढे सरकते आहे याची खूण कोणती, आणि ती दिसेनाशी झाली तर आपण केव्हा थांबणार, एवढे ज्याला स्वतःशी लिहून काढता येईल त्यानेच हरणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. ज्याला ते लिहिता येत नसेल त्याने ठेवले काय आणि काढले काय, तो दैवावरच हवाला ठेवून बसलेला असतो.

माझ्या मेजावर आजही मासिक विवरणपत्रे येतात. एखादा आकडा घसरलेला दिसला की पूर्वीप्रमाणेच माझा हात लेखणीकडे जातो. अलीकडे मात्र शेरा लिहिण्यापूर्वी मी त्या कार्यालयात जाण्याचा दिवस ठरवितो.